ताग्यावरचे तिकीट

जुन्या छापील कागदाच्या बाजारात नगाला भाव येतो तो किती प्रती उरल्या यावरून कमी, कशा उरल्या यावरून जास्त. अमेरिकेतल्या ‘टॉप्स’ कंपनीच्या १९५२ च्या संचातले मिकी मँटल या बेसबॉलपटूचे कार्ड तसे दुर्मीळ नाही; पण त्याची जवळजवळ निर्दोष प्रत ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. ती निघाली होती १९८० च्या दशकात सापडलेल्या, वर्षानुवर्षे पोरांच्या हाती न पडलेल्या साठ्यातून. म्हणजे कागद कोरा राहिला, कारण तो ज्याच्यासाठी छापला त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. वऱ्हाडात जुनी रंगीत तिकिटे शोधणाऱ्या संग्राहकाने हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

ही तिकिटे विलायती कापडाची. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत इथल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून, ‘उमरा’ हेच या कापसाचे नाव पडले. आखूड धाग्याचा हा कापूस पुढे युरोपखंडाकडे आणि जपानकडे अधिक वळला, तरी लँकेशायरचे कापड अमरावती-अकोल्याच्या पेठांत येतच राहिले. त्या काळी हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती ताग्यांवर दर्शनी घडीला लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ, राजे-महाराजे यांची शिळाछापाची रंगीत तिकिटे डकवलेली असत. इंग्रजी न वाचणारे गिऱ्हाईक चित्र पाहून ‘तोच छाप’ मागे. पेढीची सगळी पत त्या वीतभर कागदावर असे, म्हणूनच छापांच्या नकलांवर कज्जे होत आणि १८८९ च्या मालचिन्ह कायद्याने खोट्या छापाला शिक्षा ठेवली.

असा कागद धड उरणार कसा? घडी मोडली की त्याला सुरकुती पडे, तागा फाडताना कडा जाई. सोनेरी शाईतली धातूची पूड बोट लागताच झिजते. मागच्या खळीवर कसर ताव मारते. पावसाळ्याच्या दमटपणाने तांबूस ठिपके उठतात आणि अकोल्याच्या उन्हाळ्यात कागद करकरीत होऊन तडकतो. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीने विलायती कापडाच्या होळ्या पेटवल्या, त्यांत कापडाबरोबर तिकीटही गेले. आज लखलखीत, मागे डिंकाचा मागमूस नसलेले तिकीट दिसले, तर ते बहुधा छापखान्याच्या नमुनावहीतले किंवा पेढीच्या शिल्लक गठ्ठ्यातले समजावे. ते वऱ्हाडाच्या पेठेत आले होते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

यावर संग्राहक म्हणेल, कोरी प्रत नसती तर मूळ रंग कळले कसे असते? हे खरे आहे, आणि मुद्रणाच्या इतिहासासाठी त्या प्रती जपायलाच हव्यात. दुसरा आक्षेप असा, की कार्डांसारख्या नगांची प्रतवारी करणाऱ्या संस्थांमुळे दुर्मिळता मोजता येते. ही मोजणी मला भरवशाची वाटत नाही. संस्थेकडे आलेलेच नग तिथे मोजले जातात, आणि वरच्या प्रतीच्या आशेने पुन्हा पाठवलेले कार्ड दोनदाही धरले जाते. बेसबॉलपटू होनस वॅगनरच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाला तर १० पैकी ८ गुण मिळाले होते. त्याच्या कडा आपणच कापल्याची कबुली एका लिलावदाराने २०१३ मध्ये दिली. फाटक्या कडेवर निदान असा संशय घ्यावा लागत नाही.

इतिहासाच्या दृष्टीने वऱ्हाडाला जास्त मोलाचे तिकीट वेगळेच: फडक्याला अजून चिकटलेले, शेजारी वारांच्या मापाचा शिक्का असलेले, नशीब असेल तर दुकानदाराची शाईही उमटलेले. बाजारात त्याला भाव नाही. म्हणून ते पाण्यात भिजवून सोडवायचे, धुवायचे आणि साफ करून विकायचे, असा मोह होतो. त्या पाण्यात दुकानाचे नाव जाते, माप जाते, पेठही जाते. जुन्या कापड-पेढ्यांच्या वारसांनी आणि अमरावती-अकोल्यातल्या संग्राहकांनी ही तिकिटे कापडासकट ठेवावीत आणि कोणत्या गावातून, कोणत्या पेटीतून आली ते पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे.