ग्लुटेनविरहित बिअर : लेबलामागचे धान्य कोणते?

बिअरचे मुख्य धान्य म्हणजे सातू, अर्थात बार्ली. परंतु सिलिॲक हा विकार असलेल्यांना नेमके हेच धान्य वर्ज्य असते. जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १ टक्का व्यक्तींना हा विकार असल्याचा अंदाज आहे. गहू, बार्ली व राय या धान्यांतील ग्लुटेन नावाची प्रथिने पोटात गेल्यास त्यांची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा पोहोचवते. ग्लुटेन आयुष्यभर टाळणे हाच त्यावरील उपाय मानला जातो. त्यामुळे 'ग्लुटेनविरहित' हा शब्द त्यांच्या दृष्टीने केवळ आवडीनिवडीचा नसून प्रकृतीचा प्रश्न ठरतो.

बार्लीला मोड आणून ती वाळवली, की माल्ट तयार होते. मोड येताना निर्माण होणारी विकरे गरम पाण्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात आणि यीस्ट त्या साखरेपासून मद्यार्क बनवते. धान्याची टरफले गाळणीचेही काम करतात. एकाच धान्यात हे सर्व गुण असल्याने बार्लीला पर्याय शोधणे सोपे नाही.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका आणि कुट्टू यांत ग्लुटेन नसते. यांपैकी ज्वारीचा वापर विशेष आढळतो. मात्र तिचे पिष्ट बार्लीच्या पिष्टापेक्षा अधिक तापमानाला शिजते आणि तेवढ्या उष्णतेत विकरे निकामी होऊ लागतात. म्हणून पिष्ट आधी शिजवून नंतर माल्ट मिसळणे किंवा बाहेरून विकरे घालणे, असे मार्ग अवलंबले जातात. ज्वारीच्या दाण्याला टरफल नसल्याने गाळण्यासाठी भाताचे तूसही मिसळतात. कोवळी ज्वारी खाल्ल्याने जनावरांना विषबाधा होते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तेच विषारी द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असते. म्हणून वाळवलेल्या माल्टचे मोड काढून टाकतात.

या धान्यांपासून पेय बनविण्याची परंपरा मात्र जुनीच आहे. दक्षिण आफ्रिकेतील उम्कोम्बोथी ज्वारी व मक्यापासून, तर सिक्कीममधील तोंगबा नाचणीसारख्या भरड धान्यांपासून बनते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील मोठ्या कारखान्यांनी ज्वारी व मक्याचा आधार घेतला. अमेरिकेत २००६ मध्ये ॲनहॉयझर-बुश कंपनीने 'रेडब्रिज' ही ज्वारीची बिअर बाजारात आणली.

दुसरा मार्ग वेगळा आहे. त्यात बिअर बार्लीचीच असते. एका विकराच्या साहाय्याने तिच्यातील ग्लुटेनचे तुकडे केले जातात. खरा प्रश्न येथे उद्भवतो. आंबवण्याच्या क्रियेत तुटलेल्या प्रथिनांचे मोजमाप प्रचलित चाचण्यांनी खात्रीपूर्वक करता येत नाही. चाचणीत कमी दिसलेले तुकडे रुग्णाच्या शरीराला निरुपद्रवी असतीलच, असे सांगता येत नाही.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने २००८ मध्ये ग्लुटेनविरहित अन्नासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा निश्चित केली. युरोपीय संघात या मर्यादेत बसणाऱ्या बार्लीच्या बिअरवरही 'ग्लुटेनविरहित' असे छापता येते. अमेरिकेत तसे करता येत नाही. तेथे अशा बिअरवर ग्लुटेन काढण्याची प्रक्रिया केल्याचा उल्लेख चालतो, पण उरलेल्या ग्लुटेनची खात्री देता येत नाही, अशी सूचनाही छापावी लागते. एकाच प्रकारच्या बाटलीवर दोन देशांत दोन निराळी वाक्ये दिसतात, ती यामुळे.

म्हणून सिलिॲकच्या रुग्णांनी पुढील लेबलावरचा मोठा शब्द वाचून थांबू नये. मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेले धान्याचे नाव पाहावे. तेथे बार्ली, गहू किंवा राय असल्यास ते पेय टाळणेच हिताचे. ज्वारी वा तांदूळ असला, तरी ते धान्य दळताना, साठवताना अथवा त्याच यंत्रांत बिअर बनवताना बार्लीशी संपर्क आला नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. शिवाय ग्लुटेन नसले तरी मद्यार्क असतोच. 'ग्लुटेनविरहित' याचा अर्थ 'आरोग्यदायी' असा होत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.