समजून घ्या : गेमिंग पीसीचे ग्राफिक्स कार्ड खरेच गेले, की फक्त तापले?

गेम ऐन रंगात असताना स्क्रीनवर रंगीत चौकोन उमटतात, चित्र गोठते, मग सगळे काळे. पंखे मात्र जोरात फिरत राहतात. अशा वेळी ‘कार्ड गेले’ असा निकाल लगेच दिला जातो. मध्यम वर्गातले नवे कार्ड घ्यायचे तर साधारण ३० हजार रुपये मोजावे लागतात. नांदेड, लातूरमध्ये त्याच पीसीवर लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग चालत असेल, तर रोजचे कामही अडते. पण दरवेळी दोष कार्डाचाच असतो असे नाही. खर्च करण्याआधी काय तपासायचे, ते पाहू.

दोष कार्डाचा की मॉनिटरचा?

चित्र बिघडलेले दिसताच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. त्यातही तेच चौकोन दिसले तर दोष कार्ड किंवा ड्रायव्हरकडे आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा केबल किंवा मॉनिटर दोषी असतो. केबल बदलून पाहायला फार खर्च येत नाही. त्यानंतर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर आधीच्या आवृत्तीवर परत जा. मात्र पीसी सुरू होताना, विंडोज येण्याआधीच रेषा दिसत असतील, तर ड्रायव्हर बदलून उपयोग होत नाही.

उन्हाळ्यातच त्रास का वाढतो?

मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणे नवे नाही. खोलीचे तापमान जितके वाढते, जवळपास तितकेच कार्डाचेही वाढते. डिसेंबरात गेम खेळताना ७० अंशांवर असणारे कार्ड मे महिन्यात ८५ च्या आसपास पोहोचते. त्यात धूळ साचली असेल तर पंखे कमी पडतात. तापमान फार वाढले की कार्ड स्वतःचा वेग कमी करते. तरीही भागले नाही तर बंद पडते.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ टॅबवर कार्डाचे तापमान दिसते. ते सतत ८५-९० च्या वर असेल तर कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा. ब्लोअर मारताना कार्डाचे पंखे बोटाने धरून ठेवा. तीन-चार वर्षे जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट बदलली तरी फरक पडतो. मात्र वॉरंटी चालू असेल तर कार्ड स्वतः उघडू नका. एक गोष्ट आपल्याकडे हमखास घडते. गारव्यासाठी कूलर थेट पीसीकडे वळवला जातो. कूलरची हवा ओलसर असते. ती कॅबिनेटमध्ये शिरणे धोक्याचे आहे.

एसएमपीएस का तपासायचा?

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट वीज मिळते. बाकीची थेट एसएमपीएसच्या केबलमधून येते. उदाहरणार्थ, आरटीएक्स ३०६० ला १७० वॉट लागतात आणि त्यासाठी किमान ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवला जातो. स्वस्त एसएमपीएसवर आकडा मोठा छापलेला असतो, पण लोड आला की तो टिकत नाही. गेम सुरू होताच पीसी झटक्यात बंद होत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. ओळखीच्या कोणाकडचा चांगला एसएमपीएस लावून पाहा. नवा घ्यायचा झाला तरी तो कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. लाइट गेली की प्लग काढून ठेवा आणि अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

कार्ड खरेच बिघडले असेल तर?

आधी बिल शोधा. बहुतेक नव्या कार्डांवर ३ वर्षांची वॉरंटी असते. सिरियल नंबरचा आणि दोष दिसत असतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. कार्ड दुकानात किंवा सेवा केंद्रात देताना पोच घ्या.

वॉरंटी असूनही टाळाटाळ होत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे कार्ड पुण्याहून किंवा ऑनलाइन घेतले असले तरी तक्रार नांदेड किंवा लातूरलाच दाखल होऊ शकते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

वॉरंटी संपली असेल तर?

पंखा किंवा कार्डावरचा वीजपुरवठ्याचा एखादा भाग गेला असेल तर दुरुस्ती परवडते. मुख्य चिपच गेली असेल तर बहुधा नाही. ओव्हनमध्ये किंवा हॉट एअरने कार्ड तापवण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नका. तापवलेले कार्ड काही दिवस चालते आणि पुन्हा बंद पडते. दुकानदार कार्ड बाहेरगावी पाठवणार असेल तर खर्चाचा अंदाज आणि दुरुस्तीची हमी लेखी घ्या.

कार्ड अधूनमधूनच अडखळत असेल तर आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट ७०-८० टक्क्यांवर आणा. गेमचा वेग थोडा कमी होईल, पण कार्ड आणखी काही महिने निभावू शकते.

जुने कार्ड घ्यावे का?

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे मायनिंग थांबले. त्यानंतर रात्रंदिवस राबलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली. त्यामुळे विकणाऱ्यासमोरच अर्धा तास जड गेम चालवून पाहा आणि बिलावरचा सिरियल नंबर कार्डाशी जुळवा.

पैसे जमेपर्यंत पीसी बंद ठेवायचीही गरज नसते. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा. अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, हलके एडिटिंग चालून जाते. इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असेल तर मात्र ही सोय मिळत नाही. नवा पीसी जुळवून घेताना ते एक अक्षर आधी पाहा.