कलाहारीतील हूडिया : शोध आणि बोध

दक्षिण आफ्रिका, नामिबिया व बोट्स्वाना या देशांत पसरलेल्या कलाहारी वाळवंटात सॅन नावाचे आदिवासी राहतात. दूरच्या शिकारीस निघाले असता भूक व तहान यांचा त्रास कमी व्हावा म्हणून ते हूडिया या वनस्पतीचे काटे काढून तिचा ताजा गर चघळीत असत.

ही वनस्पती दिसावयास निवडुंगासारखी असली तरी ती निवडुंग नव्हे. ती आपल्याकडील रुईच्या कुळातील असून कोरड्या माळावर उगवणारी माकडशिंग ही तिची नातलग होय.

संशोधन

दक्षिण आफ्रिकेच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९६३ मध्ये रानटी खाद्य वनस्पतींच्या अभ्यासात हूडियाचा समावेश केला. पुढे तिच्यातील भूक मंदावणारा घटक वेगळा करून १९९५ मध्ये पेटंटसाठी अर्ज करण्यात आला. मात्र ज्यांच्याकडून हे ज्ञान मिळाले त्या सॅन लोकांची संमती घेतली गेली नव्हती. आक्षेप आल्यानंतर मार्च २००३ मध्ये करार झाला. त्यानुसार परिषदेस मिळणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या रकमेतील ८ टक्के व स्वामित्वधनातील ६ टक्के वाटा सॅन लोकांना देण्याचे ठरले.

परंतु अपेक्षित उत्पन्न आलेच नाही. फायझर कंपनीने २००३ मध्ये, तर युनिलिव्हरने २००८ मध्ये हे काम सोडले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्थूल स्त्रियांना पंधरा दिवस हूडियाचा अर्क देण्यात आला. त्यांच्या आहारात वा वजनात लक्षणीय घट झाली नाही. उलट मळमळ व वांती हे त्रास झाले आणि रक्तदाबही वाढला. दरम्यान मागणीमुळे रानातील झाडांची बेसुमार तोड होऊ लागल्याने २००४ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण घालण्यात आले. बाजारात नकली भुकटीही पुष्कळ विकली गेली.

आपण काय करावे?

शेतकरी बंधूंनी केवळ जाहिरातीवर विसंबून अशा वनस्पतींची लागवड करू नये. खरेदीदार कोण, भाव काय आणि लेखी करार आहे किंवा नाही, याची आधी खात्री करून घ्यावी. वजन घटविण्यासाठी अशी भुकटी वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

ग्रामसेवकांनी गावातील जाणत्या स्त्रीपुरुषांकडून रानभाज्या व औषधी वनस्पतींची माहिती त्यांच्या संमतीने मिळवून ती लोक जैवविविधता नोंदवहीत लिहवून घ्यावी. भारतात जैविक विविधता कायदा २००२ अन्वये लाभाच्या न्याय्य वाटणीची तरतूद आहे. ज्ञानाची नोंद वेळीच झालेली असेल, तर हक्क सांगणे सोपे जाते.