साठी बुद्धी नाठी? आधी मूत्रपिंडे तपासा!



'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज बोलून जातो. वडील उसाच्या बिलाचा हिशेब विसरू लागले, तेच तेच विचारू लागले, की 'म्हातारं आता चळलं' म्हणून घरचे मोकळे होतात. मग त्यांना व्यवहारातून बाजूला सारले जाते. कागदावर अंगठा हवा असला, तेवढ्यापुरती त्यांची आठवण येते. पण हा विसर दर वेळी वयाचाच असतो असे नाही. त्याचे एक मूळ मूत्रपिंडात, म्हणजे किडनीतही असू शकते.

दोहोंचा संबंध काय?

कारखान्यात उसाचा रस निवळून घेतल्याशिवाय पाकाला जात नाही. शरीरात हे काम दोन मूत्रपिंडे करतात. प्रत्येकात सुमारे 10 लाख बारीक गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून सुमारे 180 लिटर पाणी गाळले जाते. दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे जाते, बाकीचे पुन्हा रक्तात येते.

मेंदू आणि मूत्रपिंडे, दोन्हींना रक्त भरपूर लागते आणि दोन्हींतल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात. रक्तदाब किंवा साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर दोन्हीकडे नुकसान होते. शिवाय न गाळलेली द्रव्ये रक्तात साठतात, अंगातले रक्त कमी होते, त्याचाही ताण मेंदूवर पडतो.

अमेरिकेतील 23 हजारांवर लोकांची पाहणी 2008 साली प्रसिद्ध झाली. ज्यांची गाळणशक्ती मिनिटाला 60 मिलिलिटरच्या खाली होती, त्यांच्यात ती दर 10 ने कमी झाली की बुद्धी मंदावण्याचे प्रमाण 11 टक्क्यांनी जास्त आढळले. किडनी बिघडली म्हणजे बुद्धी गेलीच, असा याचा अर्थ नव्हे. पण सावध व्हायला एवढे पुरे आहे.

तपासणी कोणती?

नुसत्या 'क्रिएटिनिन'वर विसंबू नये. हे द्रव्य स्नायूंतून निघते. वाळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर मांसच कमी, त्यामुळे आकडा बरा दिसतो आणि गाळणशक्ती मात्र घटलेली असते. म्हणून वय धरून काढलेला 'ई-जीएफआर' डॉक्टरांना विचारावा. लघवीतून अल्ब्युमिन जाते का, हेही पाहून घ्यावे. रक्तदाब आणि साखर तर पाहावीच.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. विसर हळूहळू वाढणे वेगळे आणि धडधाकट माणूस दोन दिवसांत बरळू लागणे वेगळे. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी कळते. जुलाब, उलट्या, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा अंगातले पाणी आटणे यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. अशा वेळी देवऋषी शोधत बसू नका, तातडीने दवाखाना गाठा. वेळेत उपचार झाले तर पुष्कळदा माणूस पूर्ववत होतो.

घरी काय करावे?

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाऊ नयेत; त्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. लोणचे, पापड, खारट चटणी बेताने घ्यावी. रानात जाताना पाणी बरोबर असावे. मात्र ज्यांना आधीच मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनी पाणी किती प्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

खर्चाची धास्ती घेऊन दुखणे अंगावर काढू नये. सोलापूरला शासकीय सर्वोपचार रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. ही योजना 2012 साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला सोलापूर जिल्हा होता. पण डायलिसिसपर्यंत वेळ येऊच नये, हे उत्तम.

हंगाम संपला की कारखान्याची यंत्रे खोलून तपासतात. ती बंद पडायची वाट कोणी पाहत नाही. ज्या वडीलधाऱ्यांनी हे शेत आणि हा शेअर आपल्या हाती दिला, त्यांची वर्षातून एकदा तपासणी करून घेणे आपल्याला जड नाही. 'चळलं' म्हणण्याआधी तेवढे अवश्य करा.