शिरेच्या आतली सोनोग्राफी आणि संगणकाचा आकडा

सोनोग्राफी आपल्या वस्त्यांना नवी नाही. पोटावर गार जेल लावून फिरवलेला प्रोब गरोदर बाईला माहीत आहे, मुतखड्याच्या रुग्णालाही माहीत आहे. पण तोच प्रोब तांदळाच्या दाण्यासारखा बारीक करून थेट शिरेत घालतात आणि आतून चित्रे काढतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. डॉक्टर या तपासणीला आयव्हस म्हणतात. त्या चित्रांचा अर्थ लावायचे काम आता संगणकाला शिकवले जात आहे. हा विषय मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांचा वाटेल. तरी आम्ही तो या पानावर घेतला, कारण ज्या पायांसाठी ही तपासणी असते ते पाय सोलापुरात घरोघरी आहेत.

यंत्रमागावर पाळीभर उभा राहणारा कामगार घ्या, किंवा मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई घ्या. पायातले रक्त वर हृदयाकडे चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, रक्त वर ढकलले जाते आणि शिरेतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. तासन् तास उभे राहिले किंवा एका जागी बसले की हा पंप बंद पडल्यासारखा होतो. पुढे झडपा निकामी होतात, शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याजवळची कातडी काळपट पडते. शेवटी आतल्या घोट्याच्या वर जखम होते आणि ती वर्षानुवर्षे भरत नाही. मग हळद होते, पाला होतो, कुणी बाहेरचे बघायला सांगतो. ही करणी नव्हे आणि मागच्या जन्माचे पापही नव्हे. तो शिरांचा आजार आहे.

बहुतेकांचा बिघाड पायातच असतो आणि कातडीवरून केलेल्या डॉपलर सोनोग्राफीत तो कळतो. काही जणांचा अडथळा मात्र वर, ओटीपोटात असतो. डाव्या पायाचे रक्त नेणारी मोठी शीर तिथे उजव्या पायाच्या धमनीखालून जाते. वर धमनी आणि खाली पाठीचा कणा, अशा दोहोंमध्ये ती दबते. ऑस्ट्रियातल्या मे आणि थर्नर या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये ४३० मृतदेह तपासून लिहिले की, सुमारे २२ टक्क्यांमध्ये या जागी शीर आतून बदललेली आढळली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओटीपोटातली ही शीर बाहेरून नीट दिसत नाही. आतडी मध्ये येतात, वायू असतो, खोलीही जास्त. म्हणून मांडीच्या शिरेत सुई टोचून बारीक तारेवरून नळी वर सरकवतात. नळीच्या टोकाचा प्रोब चहूबाजूंना आवाजाच्या लहरी सोडतो, भिंतीवर आपटून परत आलेल्या लहरींतून शिरेचा गोल काप पडद्यावर उमटतो. भाकरीच्या चवडीतली एकेक भाकरी उचलून बघावी तशी नळी मागे ओढत शीर बघत यायची. अमेरिका आणि युरोपातल्या १०० रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध सोडून काढलेल्या एक्स-रेवरून ठरवलेला उपचार, आयव्हस पाहिल्यावर ५७ जणांत बदलावा लागला.

मग अडचण कुठे आहे? अडचण वाचण्यात आहे. एका वेळच्या तपासणीत कापांचा ढीग पडतो. प्रत्येक कापात शिरेची कड कुठे आहे ते डॉक्टर ठरवतात, तिच्यावरून आतली जागा मोजतात आणि निरोगी भागाशी ताडून बघतात. जागा निम्म्याहून कमी झाली असेल तर अडथळा महत्त्वाचा, असा साधारण हिशेब. पण एकाने काढलेली कड दुसऱ्याच्या कडेशी जुळेलच असे नाही. संगणकाला जाणत्या डॉक्टरांनी कडा आखलेली शेकडो-हजारो चित्रे दाखवतात. हळूहळू तो नव्या चित्रात स्वतः कड आखतो, क्षेत्रफळ काढतो आणि सर्वांत अरुंद जागा दाखवतो. दमत नाही, घाईत नसतो. जिथे असा तज्ज्ञ नाही अशा गावाला याचा उपयोग आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

हृदयाच्या धमन्यांसाठी असे काम पुष्कळ पुढे गेले आहे. शिरा जास्त अवघड. धमनी जाड भिंतीची आणि बरीचशी गोल असते, शीर पातळ आणि मऊ. श्वास घेतला की तिचा आकार बदलतो, कूस बदलली की बदलतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात उपाशीपोटी, पाणी न पिता आलेल्या माणसाची शीर आधीच चपटलेली असू शकते, आणि तिथे खराखुरा अडथळा नसतानाही ती अरुंद दिसते. जुनी गाठ विरघळल्यावर आत जाळ्या राहतात. संथ रक्तही पडद्यावर ठिपक्यांसारखे दिसते, तारेची सावली पडते. यातले भिंत कोणती आणि रक्त कोणते, हे सांगताना जाणती माणसेही अडखळतात.

चित्र वाचणारा संगणक महाराष्ट्रात आलेलाच आहे. मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीने छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा संशय सांगणारी प्रणाली केली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील लोकांच्या क्षय-चाळणीसाठी अशा प्रणाली वापरायला मान्यता दिली. पण तिथे संगणक फक्त संशय सांगतो, पुढे बेडका तपासला जातो आणि चूक पकडली जाते. शिरेच्या बाबतीत आकड्यानंतरची पायरी बऱ्याचदा स्टेंट असते. धातूची ती जाळी एकदा बसवली की जन्मभर आत राहते, वर रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागते.

आता ते २२ टक्के आठवा. शीर दबलेली असूनही कितीतरी माणसे काही त्रास न होता आयुष्य काढतात. ‘सत्तर टक्के अरुंद’ असे पडद्यावर आले म्हणजे आजार ठरला, असे नाही. पायाला सूज आहे का, जखम आहे का, पट्टी बांधून फरक पडला का, हे संगणकाला दिसत नाही. ते पायाला हात लावून बघणाऱ्या माणसालाच दिसते.

दुसरा प्रश्न, संगणक कुणाची चित्रे बघून शिकला? कोरोनात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवले की, रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट होते. यंत्राच्या मनात भेदभाव नसतो, पण ते घडवताना कोण समोर होते आणि कोण नव्हते, हे त्यात उतरते. जे मोजणीत नव्हते त्यांना चूक सोसावी लागते.

तेव्हा कुणी शिरेत स्टेंट सुचवला तर हे विचारा: आधी डॉपलर झाली का? घट्ट पट्टी किंवा मोजे काही महिने वापरून पाहिले का? आकडा यंत्राने काढला असेल तर डॉक्टरांनी स्वतः चित्र बघून तो तपासला का? विचारताना लाजू नका. चित्रांची सीडी आणि अहवाल मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. तो घेऊन शासकीय रुग्णालयात दुसरे मत घेता येते. खर्चाचे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर नव्हे.

सूज दोन्ही पायांवर असेल तर हृदय, मूत्रपिंड, रक्तक्षय यांच्या तपासण्या आधी करा. आपल्या जिल्ह्यात हत्तीरोगही आहे, त्याची सूज वेगळी आणि उपचारही वेगळे.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर तो पाय चोळू नका, तेल लावून रगडू नका. आत गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि दम लागला किंवा छातीत दुखले तर लगेच १०८ ला फोन करा.