स्वयंपाकघराची कपाटे : रंग कोणता, फिनिश कोणता?

वणी आणि परिसरातील आपले अनेक बांधव सुतारकाम, पॉलिश आणि प्लायवुड-सनमाईकाच्या धंद्यात आहेत. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचे, "मिस्त्री, ओट्याखाली कपाट करून द्या." रंग मिस्त्रीच ठरवीत असे. आज गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो घेऊन येते आणि "अस्सेच पाहिजे" म्हणते. मिस्त्रीला त्या रंगाचे नाव, त्याचा भाव आणि त्याचे गुणदोष सांगता आले नाहीत, तर तेच काम नागपूरच्या तयार मालाच्या दुकानात जाते. म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहोत.

चलन काय आहे?

रंगाचे चलन बदलत असते, पण त्यामागे कारण असते. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या महिला वास्तुशिल्पीने कामगारांच्या घरांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर तयार केले. त्याची कपाटे निळसर ठेवली होती, कारण निळ्या रंगावर माशा बसत नाहीत असे तेव्हा मानले जाई. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तेच.

आपल्याकडे आधी सागाच्या रंगाची सनमाईका चालली, मग मरून आणि काळ्या चकचकीत पल्ल्यांचे दिवस आले, त्यानंतर पांढरा रंग आला. आता ओढा चकाकीकडून मॅटकडे आहे. वरचे पल्ले फिकट आणि खालचे गडद अशी दुरंगी जोडी, राखी, बदामी, फिकट हिरवा आणि लाकडी रेघांचा तपकिरी, हे रंग मागितले जातात. अमेरिकेतील पँटोन कंपनीने २०२५ सालचा रंग म्हणून 'मोका मूस' हा तपकिरी रंग जाहीर केला होता. सागाच्या मुलखातील कारागिराला तपकिरी रंग काही नवा नाही!

वणीला काय मानवते?

मुंबईच्या फोटोतील रंग वणीत तसाच टिकेल असे नाही. येथे कोळशाच्या खाणी आहेत, राजूरकडे चुन्याच्या भट्ट्या आहेत. काळ्या चकचकीत पल्ल्यावर चुन्याची धूळ दिसते, तर पांढऱ्यावर कोळशाची. मधल्या छटा आणि लाकडी रेघा हे दोन्ही झाकतात. शेगडीजवळ हळद आणि फोडणीचे तेल उडते, तेथे खरखरीत पांढरा मॅट देऊ नये, कारण त्यात डाग मुरतात.

बाथरूमच्या कपाटाचे दुखणे वेगळे. जड पाण्याचे थेंब वाळले की क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि गडद चकचकीत पल्ल्यावर ते ठळक दिसतात. ते काढायला घरचे लोक अ‍ॅसिड वापरतात आणि बिजागऱ्या गंजतात. येथे फिकट रंगच बरा.

फिनिशचे प्रकार

सनमाईका (लॅमिनेट) : रसायनात भिजवलेले कागद दाब आणि उष्णता देऊन एकजीव केलेले असतात. उष्णता आणि ओरखडे चांगले सोसते. आपल्याकडील बहुतेक घरांना हेच योग्य.

पीव्हीसी मेम्ब्रेन : नक्षीदार पल्ल्यांवर छान दिसते, पण शेगडीच्या आचेने सुटते.

ड्युको आणि पीयू : काचेसारखी सफाई येते. मात्र फवारणी बंद जागेत, फरशीवर पाणी शिंपडून करावी. उघड्या अंगणात केली तर धूळ बसून पल्ला दाणेदार होतो. पावसाळी दमट हवेत ड्युको आणि लाखेच्या पॉलिशवर पांढरी झाक येते. पांढऱ्या रंगावर मेलामाईन मारू नये, ते काळाने पिवळे पडते. तेथे न पिवळणारे पीयू मागून घ्यावे.

आतला माल

वरचा रंग कितीही सुंदर असो, आत पाणी शिरले की सारे व्यर्थ. सिंकखाली आणि बाथरूममध्ये आयएस ७१० चे प्लाय वापरावे. साधे पार्टिकल बोर्ड तेथे फुगते. पाणी बहुधा कडेतून शिरते, म्हणून प्रत्येक कडेला पट्टी लावावी. जी कड भिंतीकडे जाऊन दिसत नाही तिलाही. पल्ल्याच्या एकाच बाजूला सनमाईका लावली तर पल्ला वाकतो, म्हणून आतल्या बाजूलाही लायनर हवे. ट्रॉलीसाठी ३०४ स्टील उत्तम. २०२ स्वस्त असते, पण लवकर गंजते. चुंबक लावून या दोहोंतला फरक कळत नाही, तेव्हा बिलावर नंबर लिहून घ्यावा.

व्यवहाराच्या गोष्टी

सनमाईकाचे सर्व पत्रे एकाच लॉटचे घ्यावेत, दोन लॉटच्या छटेत फरक पडू शकतो. एखादा तुकडा आणि थोडी पट्टी गिऱ्हाईकाकडे ठेवून द्यावी, पुढे तो नंबर बंद झाला तरी दुरुस्ती होते. रंगाचा नमुना दुकानाच्या ट्यूबलाईटखाली नव्हे, त्याच स्वयंपाकघरात दिवसा आणि रात्री दाखवावा. प्लाय, सनमाईकाचा नंबर आणि बिजागरीची जात कोटेशनमध्ये लिहून सही घ्यावी. अर्धे तंटे येथेच मिटतात. स्वस्त माल द्यायचाच असेल तर तो स्वस्त आहे असे सांगून द्यावा.

कडा चिकटविण्याचे यंत्र, फवारणीचा कॉम्प्रेसर यांना भांडवल लागते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात होते.

तयार मालाचे दुकान गिऱ्हाईकाला रंगांचे पुस्तक दाखवते. आपला मिस्त्री त्याच्या घरात उभा राहून, त्याची शेगडी, नळ आणि खिडकी पाहून रंग सुचवू शकतो. हे त्याचे बळ आहे. त्याला माहितीची जोड मिळाली तर वणीचे काम वणीतच राहील.