नळाच्या वाटेनं खाडीत

जुलै 2019 च्या अखेरीस महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराच्या आसपास प्रवासी, रबरी बोटी, घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं. 27 तारखेचा अख्खा दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. प्रवासी सुखरूप बाहेर आले आणि बातमी संपली. ते पाणी पुढे कुठे गेलं, हे कोणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कारण पुराचं खरं गिऱ्हाईक खाली खाडीत बसलेलं असतं.

पाणी कल्याणला आलं, काळू आणि भातसाचं पाणी बरोबर घेऊन डोंबिवली, मुंब्र्याच्या अंगानं ठाण्याच्या उंबऱ्याशी पोचलं. इथे उल्हासला दोन फाटे फुटतात. मोठा फाटा कशेळी, बाळकुम, कोलशेत, घोडबंदर करत वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. लहान फाटा साकेत, कळव्याच्या पुलांखालून दक्षिणेला वळतो आणि ठाण्याची खाडी होऊन मुंबई बंदरात उतरतो. या बेचक्यात माजिवडा वसलेलं आहे. नाशिकचा रस्ता, घोडबंदर रस्ता आणि पूर्व द्रुतगती मार्ग यांचा नाका म्हणून आज ते गाव ओळखलं जातं. पाण्याच्या नकाशावरही तो नाकाच आहे. फक्त तिथे सिग्नल नाही, दिवसातून दोनदा येणारी भरती आहे.

उल्हास तशी छोटी नदी. राजमाचीच्या दऱ्यांपासून वसईपर्यंत 122 किलोमीटर. पण तिच्या खोऱ्यात माथेरान येतं, माळशेजचा माथा येतो आणि वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे तिची खाडी एकाच वर्षात दोन वेगळे जन्म घेते. मे महिन्यात ती समुद्राइतकीच, फार तर किंचित कमी खारट असते. आषाढात त्याच जागी पाणी जवळपास गोडं होतं. वरून गोड पाणी हलकं म्हणून तरंगत समुद्राकडे जातं आणि तळाशी जड खारं पाणी पाचरीसारखं आत घुसतं. एकाच जागी एकाच वेळी दोन दिशांना चाललेले हे दोन थर मासळीच्या पिल्लांसाठी आयतं वाहन ठरतात.

कोळंबीचं पिल्लू हे वाहन कसं वापरतं ते पाहा. पांढऱ्या कोळंबीची मादी अंडी घालते समुद्रात. दोन-तीन आठवड्यांत अळीची अनेक रूपं पालटून जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचं, काचेसारखं पारदर्शक पिल्लू तयार होतं. त्याला खाडीच्या आतल्या कांदळवनात पोचायचं असतं. पण ओहोटीविरुद्ध पोहण्याची ताकद त्याच्यात नसते. मग ते पोहतच नाही. भरती लागली की तळ सोडून वर येतं आणि पाण्याबरोबर आत जातं. ओहोटी सुरू झाली की खाली बसून चिखलाला चिकटून राहतं, म्हणजे मागे वाहून जात नाही. असे टप्प्याटप्प्यानं मुक्काम करत ते तिवराच्या मुळांपर्यंत येतं. भरती लागल्याची एक मोठी खूण म्हणजे पाण्याचा बदलता खारटपणा. वरून गोडं पाणी येतच नसेल, तर आत-बाहेर सगळीकडे सारखंच खारट. मग दिशा कशावरून ओळखायची?

पुढे काही महिने खाडीत खाऊन-पिऊन ही कोळंबी वाढते आणि पावसाळ्यातला पूर तिला पुन्हा समुद्राकडे ढकलतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कार्पेंटेरिया आखातात याच गटातल्या, आपल्या किनाऱ्यावरही मिळणाऱ्या एका कोळंबीचा अभ्यास झाला आहे. तिथल्या आग्नेय भागात ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी समुद्रातल्या जाळ्यात कोळंबी जास्त, असा सरळ संबंध शास्त्रज्ञांना दिसला. नदीत पडलेला पाऊस समुद्रातल्या ट्रॉलरच्या हिशेबात उमटतो तो असा.

दुसरा साक्षीदार जिताडा. आगरी-कोळ्यांच्या ताटातला हा मानाचा मासा. अलिबाग-पेणच्या खारेपाटात तर लोक घराजवळच्या तळ्यात तो पाळतात. जिताडा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात जन्मतो. पिल्लं पावसाळ्यात कांदळवनात, खाजणात शिरतात आणि वाट मोकळी असेल तर नदीत वर, पार गोड्या पाण्यात जातात. तीन-चार वर्षांनी नर म्हणून वयात येऊन तो विणीसाठी खाली खाडीच्या तोंडाशी उतरतो. आणखी काही वर्षांनी हाच नर मादी होतो. म्हणजे बाजारातला मोठा, सात-आठ किलोंचा जिताडा ही बहुधा मादीच. तो उचलला की काय उचललं, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

जिताड्याच्या डोक्याचं कालवण करणाऱ्यांना त्याच्या डोक्यातले दोन पांढरे, कडक खडे ठाऊक असतात. दाताखाली आले तर आपण बाजूला काढून टाकतो. मासा तोल सांभाळतो तो या कानातल्या खड्यांच्या आधारानं. शास्त्रज्ञ खडा कापून, घासून पातळ करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. त्यात दरवर्षीचं एकेक कडं दिसतं: वाढ चांगली तर रुंद, उपासमार तर अरुंद. खड्यातल्या स्ट्रॉन्शियमच्या प्रमाणावरून मासा कोणत्या वयात खाऱ्या पाण्यात होता आणि कधी गोड्या, हेही वाचता येतं. क्वीन्सलंडमधल्या फिट्झरॉय नदीवर अशा खड्यांवरून माशांची जन्मवर्षं काढली, तेव्हा नदी भरभरून वाहिलेल्या वर्षांत जन्मलेले जिताडे संख्येनं जास्त निघाले. चांगल्या प्रवाहाच्या काळात त्यांची वाढही जोमानं झाली होती. ठाण्याच्या मासळी बाजारात कापल्या जाणाऱ्या जिताड्यांच्या डोक्यात उल्हासची अशीच रोजनिशी असणार. ती रोज कचऱ्याच्या टोपलीत जाते.

आता उल्हासच्या पाण्याचा हिशेब मांडू. तो भलताच गमतीदार आहे. नदीच्या मुख्य धारेवर मोठं धरण नाही. धरणं आहेत ती उपनद्यांवर: बारवीवर 1972 चं, भातसावर 1980 च्या दशकातलं. शिवाय उल्हासला पाहुणं पाणीही मिळतं. घाटावरच्या आंध्रा खोऱ्यातलं, एरवी पूर्वेला भीमेकडे गेलं असतं ते पाणी टाटांनी 1922 मध्ये भिवपुरीच्या वीजकेंद्रात उतरवलं. वीज करून झाल्यावर ते पेज नदीतून उल्हासमध्ये येतं. म्हणून ऐन एप्रिलमध्येही कर्जत-बदलापूरला नदी वाहताना दिसते. कोकणातल्या नदीला उन्हाळ्यात इतकं पाणी हे निसर्गाचं देणं नव्हे, विजेचं आहे.

हे पाणी खाडीपर्यंत पोचतं का? बदलापूरला बंधारा आहे, पुढे औद्योगिक वसाहती आहेत, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली आहे, शहाडहून ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे पाणी उचलणारी योजना आहे. शहाड-मोहने भागातल्या बंधाऱ्याखाली उन्हाळ्यात गोडं पाणी फारसं उरत नाही. वर जाऊ पाहणाऱ्या जिताड्याच्या पिल्लाला तो बंधारा म्हणजे भिंतच. तिकडे भातसाचं पाणी पिसे इथून मुंबईला जातं. मुंबई रोज जे पाणी पिते, त्यातलं जवळजवळ निम्मं भातसाचं.

आणि तरीही यातलं बरंच पाणी शेवटी खाडीतच येतं. भातसाचं पाणी मुंबईच्या नळात जातं, मोरीत जातं आणि त्यातलं काही भांडुप, घाटकोपरच्या सांडपाणी केंद्रांतून ठाण्याच्या खाडीत पडतं. कल्याण, उल्हासनगर, भिवंडीचं सांडपाणी उल्हासच्या खाडीत. म्हणजे खोऱ्यातलं गोडं पाणी खाडीला मिळत नाही असं नाही. ते नळाच्या वाटेनं मिळतं. बाराही महिने, ठरल्यासारखं, आणि नको त्या गोष्टी बरोबर घेऊन.

हे वाईटच, असं पटकन म्हणता येत नाही. इजिप्तमध्ये आस्वानचं मोठं धरण झालं आणि 1960 च्या दशकाच्या मध्यापासून नाईलचा पूर समुद्रात जाणं थांबलं. त्या पुराच्या गाळावर आणि क्षारांवर जगणारं सार्डिन कोसळलं: 1962 मध्ये 18 हजार टनांच्या आसपास, 1968 मध्ये पाचशे टनांच्या घरात. पण 1980 च्या दशकात मासळी परत वाढू लागली. अभ्यासकांना त्यामागे शेतीतल्या खतांचा निचरा आणि वाढत्या शहरांचं सांडपाणी दिसतं. पुराची पोषणद्रव्यं गटारानं पुरवली.

मग ठाण्याच्या खाडीचंही तसं का होऊ नये? कारण भूमध्य समुद्र ऐसपैस आहे. ठाण्याची खाडी 26 किलोमीटर लांब आणि कळव्याकडच्या टोकाला चिंचोळी, उथळ. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू प्राणवायू खातात. 30 अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात सहाच्या. म्हणजे उन्हाळ्यातल्या खाऱ्या खाडीत शिल्लक आधीच कमी, आणि खर्च सर्वाधिक. भांगाच्या दिवसांत भरती दुबळी असते, तेव्हा आतलं पाणी नीट पालटतही नाही. बहुतेक माशांना चार मिलिग्रॅम तरी लागतो. तो मिळाला नाही की बोईट, कोळंबी काढता पाय घेतात. टिकतात ते चिवट: हवेतून श्वास घेणारी निवटी, शिंगटी, बाहेरून आलेला तिलापिया. याच पोषणानं माजलेल्या शेवाळावर फ्लेमिंगोंचे थवे पोसतात असं अभ्यासक म्हणतात. खाडीचा एक भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर स्थळ. पक्षी वाढले म्हणून खाडी सुधारली, हा निष्कर्ष मात्र घाईचा. फ्लेमिंगो माशांवर जगत नाही.

सगळं खापर नदीवर फोडण्यात अर्थ नाही. कांदळवनातले भराव, बारीक आसाची जाळी, समुद्रातली अति मासेमारी यांचा वाटा मोठा आहे. पण प्रवाहाची बाजू आपल्याकडे हिशेबातच धरली जात नाही. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2018 मध्ये नदीत किमान किती पाणी सोडायचं हे गंगेसाठी ठरवून दिलं. ते उगमापासून उन्नावपर्यंत. खाडी त्यात येत नाही. समुद्राला मिळालेलं पाणी वाया गेलं, ही समजूत अभियंत्यांइतकीच आपल्याही डोक्यात घट्ट आहे.

माझ्या मते उल्हासच्या बाबतीत किती पाणी यापेक्षा कधी पाणी हा प्रश्न मोठा आहे. श्रावणातले मोठे पूर भातसा-बारवी भरल्यावर येतातच. हरवतो तो उपनद्यांचा पहिला पूर, कारण मृगातलं पाणी आधी रिकाम्या धरणात जिरतं. आणि वर्षभर कोंडलेला तळ धुऊन काढणारा, माशांना इशारा देणारा पूर तोच असतो. आज तो येतो मुख्यतः उल्हासच्या मोकळ्या धारेमुळे. आता कर्जत तालुक्यात पोशिर आणि शिलार नद्यांवर धरणांची तयारी चालली आहे, आणि दोन्ही नद्या याच धारेला मिळतात. शहरांना पाणी लागणार, धरणं होतील. पण जून-जुलैतला एखादा पूर न अडवता खाली जाऊ देणं आणि बंधाऱ्याला माशांसाठी पायऱ्यांची वाट ठेवणं, हे आराखड्याच्या वेळीच ठरवावं लागतं; भिंत उभी राहिल्यावर ते फार महाग पडतं.

त्याआधी मोजमाप हवं. चेंदणीत खाडीच्या काठावरच असलेल्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं ठाण्याच्या खाडीचा चिखल, पाणी आणि जीव तपासले आहेत. त्यात कशेळी आणि साकेतच्या पुलांवरून वर्षभर, उधाणाला आणि भांगाला, पाण्याचा खारटपणा टिपण्याची भर घालता येईल. ते काम अवघड नाही. कोळंबी-शेती करणारे वापरतात ते हातात मावणारं उपकरण पुरतं. काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं आणि आकडा वाचायचा.